ठेक्याच्या कागदात मातीसाठी चार ओळी लिहा

इंदूरच्या आसपास शेती असलेल्या आणि ती ठेक्यानं (वर्षाची ठरलेली रक्कम घेऊन) किंवा बटाईनं (पिकाच्या वाट्यावर) देणाऱ्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गहू निघाला की आपल्या घरांमध्ये वर्षातून एकदा शेताचा विषय निघतो. हातोद, देपालपूर, सांवेर, महू अशा कुठल्या तरी बाजूनं ठेकेदार येतो. चहा होतो, सोयाबीनचा भाव, गेल्या वर्षीचा पाऊस यावर बोलणं होतं, आणि पुढच्या एका वर्षाची रक्कम ठरते. कुणी स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहून घेतं, कुणी तेवढंही करत नाही. अर्धे पैसे हातात, उरलेले दिवाळीनंतर. मग शेत पुन्हा वर्षभर विसरलं जातं. आखा तीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे हे सौदे पक्के होतात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे.

माझी विनंती अशी, की एका वर्षाचा ठेका बंद करा. तीन ते पाच वर्षांचा लेखी करार करा आणि त्यात माती राखण्याच्या अटी घाला. त्यापायी वर्षाची रक्कम थोडी कमी घ्यावी लागली तरी घ्या. आपल्या सवयीच्या एकसाली ठेक्यामुळे शेतातली माती नाल्यात आणि नाल्यातून तलावात चालली आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. ते कसं झालं, ते सविस्तर सांगते.

आमचीही जमीन हातोदच्या बाजूला आहे, गंभीर नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठाला. शेताच्या वरच्या अंगाला एक जुनी बाभूळ आहे. तिची मुळं वीतभर उघडी पडली आहेत. जमिनीची पातळी पूर्वी कुठे होती, ते तिच्या बुंध्यावरची साल बघून कळतं. त्याच अंगाला नांगरटीनंतर चुनखडीचे पांढुरके खडे वर आलेले दिसतात आणि तिथलं सोयाबीन दरवर्षी आधी पिवळं पडतं. खालच्या अंगाला, नाल्याला लागून, माती जास्त काळी आणि भुसभुशीत आहे. ती वरून आलेली आहे, आणि नाला भरून वाहिला की तिच्यातलीही काही पुढे निघून जाते. तुमच्या शेतात उताराच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिलात तर असंच काही तरी दिसेल. आपण शेतावर जातो तेव्हा बहुधा रस्त्याच्या कडेला, गाडीपाशी उभं राहून बोलतो आणि परत फिरतो. वरचा कोपरा पाहायचा राहूनच जातो.

जुलैतल्या एका जोराच्या पावसानंतर मी त्या नाल्याचं पाणी काचेच्या बरणीत भरून घरी आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. रेती बघता बघता तळाशी बसली. तिच्यावर बारीक पोयट्याचा थर जमला, त्याला जरा वेळ लागला. पण वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होतं. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती इतकी बारीक असते, की ती स्थिर पाण्यातही लवकर खाली बसत नाही, वाहत्या पाण्यात तर नाहीच. ती थेट तलाव गाठते. आणि खत, ओल धरून ठेवण्याची ताकद असते ती नेमकी याच बारीक मातीत.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव समजून घेतला की सगळं उलगडतं. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचा पहिला पाऊस या भेगांमधून भराभर आत मुरतो आणि आपल्याला वाटतं, केवढी तहानलेली जमीन! पण एकदा माती फुगून भेगा बंद झाल्या की पाणी आत जाण्याचा वेग फारच कमी होतो. मग पडलेल्या पावसातलं बरंचसं पाणी वरूनच वाहू लागतं. माळव्याच्या शेतांना उतार फारसा नसतो, शंभर फुटांना एक ते तीन फूट, डोळ्यांना रान सपाटच दिसतं. तरी उताराची लांबी मोठी असली की पाणी खाली जाता जाता वेग घेतं. जलसंधारणाच्या पाठ्यपुस्तकात एक नियम शिकवतात: पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याची माती कापण्याची ताकद चौपट होते आणि वाहून नेण्याची ताकद बत्तीसपट. म्हणजे वेग थोडासा जरी मोडता आला तरी फरक केवढा पडतो, ते पाहा.

त्याआधी पावसाच्या थेंबाचं काम सुरू झालेलं असतं. मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगानं जमिनीवर आदळतो. जमीन उघडी असेल तर ढेकूळ फुटतं, कण सुटे होतात आणि उडतात. पावसानंतर सोयाबीनच्या रोपांची पानं उलटून बघा, खालच्या बाजूला चिखलाचे ठिपके चिकटलेले असतात. सुट्या झालेल्या या कणांनी मातीची छिद्रं बुजतात, वर पापडी धरते आणि पाणी मुरणं आणखी कमी होतं. सोयाबीन जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरतात, आणि त्याच्या पानांनी ओळींमधली जमीन झाकायला साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. पावसाचा मोठा जोर नेमका याच काळात असतो. म्हणजे ऐन झोडीच्या दिवसांत रान उघडं असतं.

याआधीचा काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. सोयाबीन माळव्यात पसरलं ते १९७० नंतर. त्यापूर्वी बरीचशी भारी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत, वखर चालवत राहत आणि रब्बीत गहू-हरभरा घेत. तेव्हाही उघडी जमीन धुपत होतीच. पण बांध जागेवर होते, शेणखत पडत होतं आणि शेत कसणारा बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्षीही तोच असायचा. नातवापर्यंत तोच असायचा. हा शेवटचा फरक मला सगळ्यांत मोठा वाटतो.

आता ठेकेदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आमच्या शेजारचं शेत करणाऱ्या एकाला मी विचारलं, बांध फुटलाय, दुरुस्त का करत नाही? तो म्हणाला, "अगले साल का भरोसा नहीं, तो मेड़ किसके लिए बाँधूँ?" त्याचं काय चुकलं? रोख रक्कम आगाऊ देऊन त्यानं एका वर्षासाठी शेत घेतलेलं असतं. त्या वर्षात ते पैसे आणि वर दोन पैसे निघाले पाहिजेत. शेणखताचा फायदा दोन-तीन वर्षं मिळत राहतो, म्हणून तो शेणखत टाकत नाही, डीएपी या रासायनिक खताची गोणी टाकतो. ट्रॅक्टर उताराच्या दिशेनं लांबच लांब चालवला की वळणं कमी पडतात आणि डिझेल वाचतं, म्हणून पेरणी उताराला आडवी होत नाही. बांध तासून घेतला की दोन ओळी जास्त बसतात. गहू काढल्यावर उरलेली खुंटं, म्हणजे नरवाई, पेटवली की रान एका दुपारीत मोकळं होतं. इंदूर जिल्ह्यात नरवाई जाळायला बंदी आहे, तरी एप्रिलमध्ये रात्री उज्जैन रस्त्यानं येताना ज्वाळा दिसतात. यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या एका वर्षाच्या हिशेबात बरोबर बसते. आणि प्रत्येक गोष्टीनं जमीन जास्त उघडी पडते, तिच्यातला सेंद्रिय अंश कमी होतो, ढेकळं लवकर फुटतात आणि पाण्याला उताराची सरळ वाट मिळते. हिशेब एका वर्षाचा कुणी केला? आपण केला. कागदावर सही आपली असते.

किती माती जाते, त्याचा अंदाज देते. देहरादूनच्या केंद्रीय मृदा व जलसंधारण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली देशाचा हिशेब मांडला होता. त्यानुसार भारतात दरवर्षी सरासरी हेक्टरी १६.४ टन माती आपली जागा सोडते, एकूण सुमारे ५३३ कोटी टन. त्यातली २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत आणि जलाशयांत बसते, आणि बाकीची इकडची तिकडे होते. जलाशयांची साठवण दरवर्षी एक ते दोन टक्क्यांनी घटते, असंही त्यांनी म्हटलं होतं. काळ्या मातीच्या पट्ट्यात धूप देशाच्या सरासरीहून जास्त असते. पण सरासरीच धरून चाला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर मातीचा थर म्हणजे दहा घनमीटर, वजनानं बारा-तेरा टन. म्हणजे सरासरीएवढी धूप झाली तर शेताची पातळी वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास खाली जाते. सव्वा मिलिमीटर कुणाच्या डोळ्यांना दिसतं? पण वजनात मोजलं तर दर हेक्टरमागे ट्रॅक्टरच्या चार-पाच भरल्या ट्रॉल्या होतात. कुणी आपल्या शेतातून न विचारता माती उचलून नेली असती, तर आपण पहिल्या ट्रॉलीलाच पोलीस ठाण्यात गेलो असतो. आणि हा थर परत तयार व्हायला काळ्या खडकापासून सेंटिमीटरला शेकडो वर्षं लागतात.

मातीबरोबर खतही जातं. डीएपीतला स्फुरद पाण्यात विरघळून लांब जात नाही, तो चिकणमातीच्या कणांना धरून बसतो. कण गेले की तोही गेला. ५० किलोच्या गोणीला १,३५० रुपये मोजून ठेकेदार जे टाकतो, त्यातलं काही तलावातल्या जलकुंभीच्या (जलपर्णीच्या) पोटात जातं. दरवर्षी खत वाढवलं तरी उतारा वाढत नाही, ही तक्रार आपण त्याच्या तोंडून ऐकतो आणि भाव पाडून मागण्याचा बहाणा समजतो. मला तो बहाणा वाटत नाही.

आता ही माती जाते कुठे? महूजवळच्या जानापाव डोंगरावरून निघालेली गंभीर आपल्या भागातून येते आणि हातोदपाशी यशवंत सागरात साठते. १९३० च्या दशकात होळकरांनी हा तलाव इंदूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. नर्मदेचं पाणी शहरात यायच्या आधी इंदूरची भिस्त यशवंत सागर, बिलावली, सिरपूर अशा तलावांवर होती. आपल्यातल्या ज्येष्ठांना नर्मदेचं पाणी इंदूरला आणण्यासाठी झालेलं १९७० चं नर्मदा आंदोलन आठवत असेल. त्यानंतर १९७८ साली नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी आलं. सुमारे सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून, विजेच्या जोरावर ते आजही येतं. त्या विजेचं बिल शहर भरतं, म्हणजे आपणच भरतो. घरचा तलाव गाळानं उथळ होत जाणं आणि लांबचं पाणी पंपानं वर ओढत राहणं, या दोन गोष्टी मी तरी वेगळ्या मानू शकत नाही.

२०२२ साली सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्ही तलावांना रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळालं. २०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही रामसरची मान्यता मिळालेली देशातली पहिली दोन पाणथळ शहरं ठरली. स्वच्छतेइतकाच मला याचाही अभिमान आहे. यशवंत सागर हा मध्य भारतातल्या सारस क्रौंचांचा महत्त्वाचा आसरा आहे. काठच्या उथळ पाण्यात, गवतात सारसाची जोडी चरताना तुम्ही पाहिली नसेल तर हिवाळ्यात एकदा मुलांना घेऊन जा. सारसाला उथळ काठ लागतो हे खरं, पण सगळा तलावच उथळ आणि गढूळ झाला तर गोष्ट वेगळी. गढूळ पाण्यात ऊन खोल पोचत नाही, त्यामुळे तळाची पाणवनस्पती मरते. तिच्या आधारानं राहणारे किडे, शंखशिंपले, लहान मासे कमी होतात. माशांच्या अंड्यांवर गाळ बसला की ती गुदमरतात. स्फुरदामुळे शेवाळ आणि जलकुंभी माजते, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. उथळ पाणी उन्हाळ्यात लवकर तापतं आणि लवकर आटतं. तळावर चिकणमातीचा थर बसला की पाणी जमिनीत मुरणंही मंदावतं, आणि आसपासच्या विहिरींना, बोअरिंगना त्याची झळ लागते. त्यात आपल्याच एखाद्या शेताची बोअरिंगही असते.

शहराच्या कडेनं निघणाऱ्या वसाहती, उघडे पडलेले प्लॉट, मुरमाच्या खाणी यांतूनही भरपूर गाळ येतो. त्याबद्दल बोलायला हवं आणि बोलणारे आहेत. पण गंभीरच्या पाणलोटात सर्वांत जास्त क्षेत्र शेताचं आहे, म्हणून मी आपल्या दारापासून सुरुवात करते आहे. उन्हाळ्यात सरकारी अभियानांतून तलाव खोल करतात, गाळ काढतात. तो गाळ शेतात आणून टाकता येत असेल तर जरूर आणा, चांगला असतो. पण वरून येणारी माती थांबली नाही तर तेच काम दर काही वर्षांनी नव्यानं करावं लागेल.

करारात काय लिहायचं, त्यात थोडं शास्त्र आहे आणि चूक झाली तर नुकसानही होतं. महाराष्ट्रात हलक्या, मुरमाड जमिनीत समतल बांध घालून पाणी अडवतात, आपले नगर-सोलापूरकडचे नातेवाईक तेच सुचवतील. आपल्या खोल काळ्या रानात ते जसंच्या तसं करू नका. इथे पाणी बांधामागे तुंबतं, पीक पिवळं पडतं, आणि उन्हाळ्यात बांधालाही भेगा पडून तो पावसात फुटतो. एकदा फुटला की तिथून ओघळ सुरू होते, आणि ओघळीचा नाला व्हायला फार पावसाळे लागत नाहीत. काळ्या जमिनीत बांधाला किंचित ढाळ देतात, म्हणजे जास्तीचं पाणी सावकाश एका बाजूला निघून जातं. ते जिथे उतरतं ती वाट गवतानं झाकलेली हवी. नाल्याच्या तोंडाशी काही फुटांचा पट्टा कायमचा गवताखाली सोडायचा, तिथे नांगर घालायचा नाही. वाळा लावला तर उत्तम, त्याची मुळं सरळ खोल जातात आणि जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. इतर गवत लावलं तर चाऱ्याला होतं, ठेकेदाराला त्याचाही उपयोग आहे.

पेरणीसाठी इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेची शिफारस आहे रुंद वरंबा-सरीची, बीबीएफ म्हणतात ती. पेरणीयंत्रच असं असतं, की वरंब्यावर तीन-चार ओळी पेरल्या जातात आणि दोन्ही बाजूंना सरी पडते. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी हळू निघून जातं, पावसानं ओढ दिली तर सरीतली ओल पिकाला पुरते. म्हणजे हे केवळ मातीच्या भल्याचं नाही, ठेकेदाराच्या पिकाचंही रक्षण आहे. अट एवढीच, की सऱ्या उताराला आडव्या, हलका ढाळ ठेवून काढल्या पाहिजेत. यंत्र त्याच्याकडे नसेल तर भाड्यानं मिळतं, आणि ते भाडं पहिल्या वर्षी मालकानं उचलावं असं मला वाटतं. नरवाई जाळायची नाही, ती जमिनीत मिसळायची किंवा भुसा करायचा. दर वर्षी निदान एक तृतीयांश शेतावर शेणखत पडलं पाहिजे. बांधाची पहिली दुरुस्ती मालकाच्या खर्चानं, नंतरची देखभाल कसणाऱ्यानं. हे सगळं कागदावर आलं पाहिजे, तोंडी राहिलं तर पहिल्या पावसात वाहून जाईल.

आमच्या घरी आम्ही असाच तीन वर्षांचा करार केला आहे. ठेकेदार तोच आहे. रकमेत थोडी सूट दिली, आणि घरात त्यावर बरीच चर्चा झाली. पण बांध त्यानं स्वतःहून पुरा केला आणि नाल्याकडच्या पट्ट्यातलं गवत कापून त्याच्या म्हशींना नेतो. बाभळीची मुळं काही झाकली जाणार नाहीत, ती माती गेलीच. खालच्या कोपऱ्यात मात्र गेल्या पावसाळ्यात नवी ओघळ पडली नाही.

अशा कामासाठी आपल्याला फार लांबची उदाहरणं शोधायला नकोत. १९२४ साली इंदूरमध्ये वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली, होळकर दरबारानं तिला जागा दिली होती. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंत इथे काम केलं. कचरा, शेण आणि पालापाचोळा यांचं खत करण्याची त्यांची पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. काळ्या जमिनीतून पावसाचं पाणी शिस्तीनं बाहेर काढण्याकडेही त्यांचं लक्ष होतं. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. सेंद्रिय शेतीचा इतिहास लिहिणारे परदेशी लोक आपल्या शहराचं नाव घेतात, आणि आपण आपल्याच शेतात वर्षानुवर्षं खताची टोपलीही पडू देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण शेजारच्या देवासचं. १९९० च्या सुमारास तिथे पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं. २००६ मध्ये तिथे भगीरथ कृषक अभियान सुरू झालं आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीतला काही भाग देऊन, स्वतःच्या पैशानं तळी खोदली. हजारो तळी झाली. टोंक खुर्दच्या बाजूला गेलात तर आजही पाहायला मिळतील. तळ्यात शेताचं वाहतं पाणी उतरतं, गाळ तिथेच बसतो आणि उन्हाळ्यात तो काढून परत शेतात टाकता येतो. नदीत गेलेला गाळ परत येत नाही, स्वतःच्या तळ्यातला येतो. पण शेताचा दहावा हिस्सा तळ्याला देण्याचा निर्णय ठेकेदार घेऊ शकत नाही. तो मालकालाच घ्यावा लागतो.

तुमच्या मनातल्या दोन शंका मला ठाऊक आहेत, कारण त्या आमच्याही घरात निघाल्या.

पहिली, कब्जाची. एकाच माणसाला लागोपाठ वर्षं जमीन दिली तर ती त्याच्या नावावर होईल, ही भीती आपल्या आजोबांपासून चालत आली आहे आणि ती उगाच नव्हती. १९५९ च्या भूराजस्व संहितेत जमीन लागोपाठ पट्ट्यानं देण्यावर बंधनं होती आणि कसणाऱ्याला हक्क मिळण्याची तरतूद होती. इनामं गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांनी उरलेल्या जमिनीला जपलं यात नवल नाही. परंतु मध्यप्रदेशात २०१६ साली भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्या हितरक्षणाचा कायदा झाला. त्याप्रमाणे लेखी करार केला तर मालकी मालकाचीच राहते, मुदत संपली की जमीन परत मिळते, आणि पीक बुडालं तर नुकसानभरपाई व विम्यात कसणाऱ्याचा वाटा करारानुसार ठरतो. धोका उलट तोंडी व्यवहारातच आहे. आपल्या ओळखीच्या वकिलाकडून करार वाचून घ्या, पण भीतीपोटी एकेक वर्षाचा खेळ चालू ठेवू नका.

दुसरी शंका कुणी उघड बोलत नाही. जमीन आज ना उद्या वसाहतीत जाणार, चांगला भाव आला की विकायची, मग बांधावर पैसे कशाला घालायचे? ज्यांनी असं ठरवलं असेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, प्रत्येक घराच्या अडचणी असतात. पण भाव येईपर्यंत दहा-पंधरा पावसाळे निघून जातात. त्या पावसाळ्यांत तुमच्या शेतातून निघणारं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या रानातून जातं, त्याच्या विहिरीपाशी साठतं आणि यशवंत सागरात उतरतं. खालच्या शेतकऱ्याला विकायची नसते, त्याला तिथेच राहायचं असतं. आणि मुंबई, पुणे किंवा अमेरिकेत असलेल्या भावंडांच्या नावानं जमीन सामाईक आहे म्हणून काही करता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की ठेक्याचे पैसे वाटून घेताना सगळ्यांची संमती मिळतेच. करारासाठीही मिळेल.

एकट्या शेतात हे करण्यापेक्षा एका नाल्यावरच्या सगळ्या मालकांनी मिळून केलं तर जास्त उपयोग होईल. पाणी शेताचा खसरा (सर्व्हे) नंबर पाहून वाहत नाही. वरच्या शेतातलं सगळं पाणी माझ्या बांधावर आलं तर माझा बांध कितीही चांगला असो, फुटणारच. आपल्या ओळखी आहेत, गणेशोत्सवात, लग्नकार्यात आपण भेटतो. कुणाचं शेत कुठल्या नाल्यावर आहे ते एकमेकांना विचारा. पटवाऱ्याकडच्या नकाशावर शेजारी कोण आहेत ते कळतं. त्यातले काही आपल्यातले नसतील, खेडुत असतील, पाटीदार, खाती, राजपूत असतील. ते बहुतेक स्वतः शेती करतात आणि मातीबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्याकडे आपणहून जा.

आणि पावसाळ्यात एकदा शेतावर जा. पाऊस चालू असताना, छत्री घेऊन, चिखलाची पर्वा न करता. पाणी शेतात कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ठेकेदाराला बरोबर घ्या. बांध कुठे हवा, गवत कुठे सोडायचं, याचं उत्तर अर्ध्या तासात जागेवर मिळेल.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. करार मराठीत लिहू नका, साध्या हिंदीत लिहा आणि कसणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवा. त्याच्या काही अटी असतील तर त्याही लिहून घ्या, विशेषतः मध्येच शेत काढून घेतलं तर त्यानं बांधावर आणि खतावर केलेला खर्च मालक परत देईल, ही. ती अट लिहिल्याशिवाय तो बांधाला हात लावणार नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही लावला नसता. एक प्रत त्याला द्या, एक तहसीलमध्ये, एक आपल्या कपाटात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लोकमान्य नगरातली एक शेतमालकीण
इंदूर